घरातलं जिनिंग

आदिलाबादच्या कापूस बाजारात मी छत्तीस वर्षं काट्यावर उभा राहिलो. मराठीत या माणसाला मापाडी म्हणतात, तेलंगणातल्या बाजारात दडवाई. काम एकच. आलेला माल तोलायचा, आकडा मोठ्यानं सांगायचा, पट्टीवर लिहायचा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला खरेदी सुरू झाली की जैनद, बेला, तलमडुगू, भीमपूरकडच्या गाड्या रात्रीपासून रांगेला लागायच्या. पहाटेच्या थंडीत शेतकरी कापसावरच वाकळ पांघरून बसलेला असायचा. त्याचा नंबर यायचा, गाडी काट्यावर चढायची, मी आकडा सांगायचो आणि त्याच्या तोंडून एक शब्द ठरलेला निघायचा. मराठी असला तर ‘एवढंच?’, तेलुगू असला तर ‘इंतेना?’. वर्षभराच्या राबण्याचं वजन माणसाच्या अंदाजापेक्षा कमीच भरतं. माप चोख असायचं, तरी तो शब्द दरवेळी टोचायचा.

निवृत्त झालो आणि हात रिकामे झाले. काट्याची सवय मात्र जाईना. मग एक दिवस घरातला स्प्रिंगकाटा सांदवाडीच्या, म्हणजे परसाच्या, दाराला टांगला आणि घरचा कचरा तोलायला लागलो. आमच्या हिनं कपाळाला हात लावला. “अहो, जन्म कापसात गेला, आता राहिलेला कचऱ्यात घालता का?”

निमित्त नातीचं झालं. आमच्याकडे सकाळी कचऱ्याची ऑटो येते, तिच्यावर तेलुगूत गाणं लागलेलं असतं. ‘तडि चेत्ता, पोडि चेत्ता’. तडि म्हणजे ओला, पोडि म्हणजे सुका, चेत्ता म्हणजे कचरा. नात शाळेत तेलुगू शिकते, घरी मराठी बोलते, गल्लीत दख्खनी. या गावात जन्मलेलं पोर तीन भाषांत वाढतं. जुनी माणसं अजून गावाला एदलाबाद म्हणतात. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके जिल्ह्यातून निघून आजच्या महाराष्ट्रात गेले. आम्ही इकडेच राहिलो. तर नातीनं ते गाणं पाठ केलं आणि एका सकाळी आमची बादली ऑटोपर्यंत नेताना मला थांबवलं. “आजोबा, यात तडि पण आहे आणि पोडि पण. मग ही कोणत्या डब्यात टाकायची?”

बादलीत भाताची खरड होती, चहाचा चोथा होता, वर्तमानपत्र होतं, दुधाची पन्नी होती. ऑटोवर हिरवा डबा होता आणि निळा. आमची बादली दोन्हीतली नव्हती. मला उत्तर सुचलं नाही. छत्तीस वर्षं ओला माल आणि कोरडा माल यांत फरक करून पोट भरलेल्या माणसाला सुचलं नाही, हे विशेष.

ओलीनं भाव पडतो

कापूस बाजारात भांडण होतं ते वजनावरून कमी आणि ओलीवरून जास्त. भारतीय कपास निगमचा नियम असा की कापसात ओल आठ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव. त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत टक्क्यागणिक कपात. बाराच्या वर गेली की खरेदीच नाही. तोच कापूस, तीच बोंडं, तेच कष्ट. रात्री दव पडलं, गाडी उघडी राहिली, की सकाळी भाव गेला.

घरच्या कचऱ्याचंही असंच आहे, हे मला त्या बादलीनं शिकवलं. वर्तमानपत्र कोरडं असतं तोवर ती रद्दी आहे, किलोवर विकली जाते. त्यावर आमटी सांडली की तो कचरा. भाताची खरड एकटी असते तोवर ते खत आहे, गाईचा घास आहे. तिच्यात पन्नी मिसळली की तो कचरा. आणि तीच पन्नी गाईच्या पोटात गेली तर गाईचा जीव जातो. गावोगावच्या मोकाट गुरांच्या पोटातून डॉक्टरांनी किलो-किलोनं पन्न्या काढल्या आहेत. म्हणजे आपल्या घरात कचरा असा येत नाहीच. येतात त्या वस्तू. आपण त्या एका बादलीत घालतो आणि कचरा तयार करतो.

बाजाराला लागून जिनिंगचे कारखाने आहेत. तिथं दुसरं काय चालतं? वेगळं करणं. क्विंटलभर कापूस आत गेला की साधारण चौतीस-पस्तीस किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. रुईच्या गाठी बांधून सूतगिरणीला जातात. सरकीचं तेल निघतं, तेल काढून उरलेली ढेप म्हशीला. शेतात राहिलेली पऱ्हाटी चुलीला. कापसाचं काहीच फुकट जात नाही, आणि त्याला कारण एकच आहे: रुई आणि सरकी वेगळी होते. वेगळी झाली नसती तर कापूस म्हणजे बोंडातला चिवट गुंता होता. घरातही हेच जिनिंग करायचं आहे. यंत्र लागत नाही, दोन बादल्या आणि एक पोतं पुरतं.

महिनाभर तोलल्यावर आमच्या पाच माणसांच्या घराचा हिशेब निघाला तो असा: दिवसाला सरासरी पावणेदोन किलोच्या आसपास कचरा, त्यात सव्वा किलो ओला. ढीग डोळ्यांना भरायचा तो सुक्याचा, कारण पन्न्या आणि खोकी जागा अडवतात. वजन मात्र ओल्याचं. देशातल्या शहरांतही घरगुती कचऱ्यात निम्म्याच्या आसपास वाटा ओल्याचाच असतो, आणि देशभरात रोज दीड लाख टनांहून अधिक कचरा निघतो. म्हणजे ट्रकमागून ट्रक आपण वाहून नेतो त्यात बराचसा भाग भाजीची देठं आणि पाणी. डिझेल जाळून पाणी गावाबाहेर नेऊन टाकायचं, असा हा धंदा आहे.

टाकल्यावरही तो गप्प बसत नाही. ढिगाखाली हवा पोचत नाही. बिनहवेचं कुजलं की मिथेन वायू तयार होतो. हवा तापवण्यात हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा शंभर वर्षांच्या हिशेबानं पंचवीस पटींहून जास्त जोरकस. उन्हाळ्यात कचऱ्याचे डोंगर पेटतात आणि दिवसेंदिवस धुमसतात, त्याचं एक कारण हा वायू. म्हणून घराच्या दारात ओलं आणि सुकं वेगळं झालं, तर पुढची अर्धी साखळी आपोआप सुटते. नंतर वेगळं करायला गेलं तर एखाद्या बाईला उघड्या हातांनी आपली घाण चिवडावी लागते.

उकिरड्याचे पांग

माझ्या लहानपणी घरात कचऱ्याची बादलीच नव्हती. सांदवाडीच्या टोकाला उकिरडा होता, आमच्याकडे उकंडा म्हणत. शेण, राख, भाजीची सालं, गोठ्यातलं कुटार, अंगणाचा केर, सगळं तिथं. मृगाच्या आधी तो उकरून गाडीनं शेतात न्यायचा. शेतकऱ्याची ऐपत पाहायची तर लोक त्याचा उकिरडा पाहत. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी म्हण आपल्याकडे आहे. खरं तर उकिरड्याचे पांग दरवर्षी फिटायचे.

मग त्यात पन्नी आली. शाम्पूची पुडी आली, गुटख्याची आली. माझ्या थोरल्या भावानं एक वर्ष तसंच खत शेतात टाकलं. पहिल्या पावसानंतर वावरात पऱ्हाटीची रोपं कमी आणि चकचकीत पुड्या जास्त दिसत होत्या. वखराच्या पाशीला पन्न्या गुंडाळल्या जायच्या. पुढच्या वर्षापासून त्यानं उकिरडा बंद केला आणि खताची पोती आणू लागला. प्लास्टिकनं असा आमचा उकिरडा मारला, आणि हे एकट्या आमच्या घरचं नाही.

पण आमच्याच जिल्ह्यात एका गावानं तो परत जिवंत केला. आदिलाबादहून निर्मलकडे जाताना राष्ट्रीय महामार्ग ४४ वर इच्चोडा लागतं. त्या मंडलात मुखरा (के) नावाचं लहानसं गाव आहे. २०१९ च्या सप्टेंबरात तेलंगणात ‘पल्ले प्रगती’ ही योजना सुरू झाली. राज्यातल्या १२,७६९ ग्रामपंचायतींना कचरा उचलायला ट्रॅक्टर-ट्रॉली, वेगळा करायला शेड, गावाला रोपवन, अशी तिची मांडणी. सोयी सगळ्यांच्या दारात आल्या. मुखऱ्यानं त्यांचा धंदा केला. घरोघरचा ओला कचरा वेगळा घेऊन गांडूळखत केलं, ते विकलं, आणि विक्रीचे सुमारे सात लाख रुपये पंचायतीकडे जमले. त्या पैशातून गावानं सौरऊर्जेचा संच बसवला. लोकांनी दाराबाहेर ठेवलेल्या भाजीच्या देठांतून गावाला वीज मिळाली.

त्या काळात सरपंच होत्या गाडगे मीनाक्षी. आडनाव वाचून मला हसू आलं. गाडगेबाबा आमच्या पिढीला आजी-आजोबांनी सांगितलेले. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. १८७६ साली अमरावती जिल्ह्यात जन्मले, १९५६ च्या डिसेंबरात गेले. गावात आले की आधी हातात खराटा घेऊन गाव झाडायचे, कीर्तन रात्री. आणि जेवायला स्वतःचं मातीचं गाडगं बरोबर. त्या गाडग्यावरूनच नाव पडलं. आज आपण ‘स्वतःची पिशवी, स्वतःची बाटली न्या’ म्हणून फलक लावतो. तो माणूस आयुष्यभर आपलं भांडं आपल्या हातात घेऊन हिंडला.

मुठीतली ओल

मुखऱ्याचं वाचून मलाही हुरूप आला. रंगाची जुनी वीस लिटरची बादली घेतली, तळाला आणि कडेला खिळा तापवून भोकं पाडली, आणि घरातलं सगळं ओलं तिच्यात टाकत गेलो. आठव्या दिवशी सांदवाडीत उभं राहवेना. झाकण उघडलं तर आत काळं पाणी आणि अळ्यांची जत्रा. हिनं निर्वाणीचं सांगितलं, “एक तर ही बादली राहील, नाही तर मी.”

चूक कुठं झाली ते मला काट्यावरच्या एका सवयीनं सांगितलं. ओल मोजायचं यंत्र आता आलं. पूर्वी जुना दडवाई कापसाची मूठ भरून दाबायचा, सोडायचा. कापूस फुलून वर आला तर कोरडा, गोळा होऊन बसला तर ओला. तसा मी खताची मूठ दाबली. पाणी बोटांतून गळायला लागलं. माल बारा टक्क्यांच्या पार वर होता, खरेदी रद्द.

भाजीपाल्यात पाणी फार, नत्र फार. कुजवणाऱ्या जिवाणूंना त्याच्या जोडीला कर्ब लागतो, तो सुक्या पाल्यात, कुटारात, लाकडाच्या भुशात असतो. ढोबळ हिशेब असा की एक टोपलं ओलं टाकलं तर एक ते दोन टोपली सुकं वर टाकायचं. मी शेतातनं तुरीचं कुटार एक पोतं आणलं, अंगणातला कडुलिंबाचा पाला साठवला. ओल्यावर सुकं, त्यावर मूठभर जुनं खत किंवा आंबट ताक शिंपडलेली माती. चार दिवसांतून एकदा काठीनं ढवळायचं म्हणजे हवा जाते. आता मूठ दाबली की बोटांत थेंब-दोन थेंब ओल लागते आणि गोळा हलकेच मोडतो. ही खूण पटली की बाकी काही शिकायला नको. वास येत नाही. येतो तो पहिल्या पावसाच्या मातीचा. दोन-अडीच महिन्यांत बादलीभर ओल्याचं तळाशी वीतभर काळं खत होतं.

गांडुळं सोडली तर काम लवकर होतं, साधारण दीड-दोन महिन्यांत. पण आमच्याकडचा उन्हाळा ४४ अंशांच्या वर जातो. गांडुळाला तो सोसत नाही. ज्यांना करायचं त्यांनी सावलीत वाफा करावा, वर भिजवलेला बारदाना टाकावा, आणि तेलकट, खारट, आंबट उरलंसुरलं त्याला घालू नये. फ्लॅटात राहणाऱ्यांना बादलीच बरी. गच्चीवर दोन बादल्या पाळीपाळीनं चालतात: एक भरते तोवर दुसरी पिकते.

आणि एक गोष्ट सुनेनं शिकवली. ती किनवटची. महिनाभर मी ओला कचरा तोलत होतो, तिनं त्यात काय आहे ते पाहिलं. “बाबा, यात निम्मा रात्रीचा भात आहे.” त्यानंतर तांदूळ एक वाटी कमी शिजायला लागला. उरलाच तर सकाळी फोडणीचा. कोथिंबिरीची देठं वरणात, दोडक्याच्या शिरांची चटणी. आजीच्या वेळची गृहिणी हे न शिकवता करायची. पुढच्या महिन्यात ओल्याचं वजन बादलीपर्यंत पोचण्याआधीच उतरलं.

भंगारवाल्याचा काटा

सुक्याचं जिनिंग मला आमच्या गल्लीत येणाऱ्या भंगारवाल्यानं शिकवलं. त्याचा हातकाटा पाहून मी आधी त्याची परीक्षा घेतली. मग त्यानं माझी घेतली. माझ्या पोत्यातून तेल लागलेला पुठ्ठा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाला, “चाचा, गिल्ला-चिकना माल नहीं लेते. आप तो काटेवाले हैं, आपको क्या बताना.”

त्याच्या डोक्यात पक्की वर्गवारी आहे. रद्दी वेगळी, पुठ्ठा वेगळा. लोखंड वेगळं, पत्रा वेगळा. जर्मन वेगळं. आपल्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात. तांबं-पितळ सगळ्यांत वरचं. प्लास्टिकात पाण्याची बाटली वेगळी, बादली-खुर्चीचं कडक प्लास्टिक वेगळं, दुधाची पन्नी वेगळी. प्रत्येकाचा भाव निराळा, कारण प्रत्येकाचा पुढचा जन्म निराळा. जर्मन वितळवून पुन्हा जर्मन होतं, कितीही वेळा. खनिजापासून नवं करायला जेवढी वीज लागते तिच्या विसाव्या हिश्शात हे काम होतं. काचही तशीच, कितीदाही वितळते. कागदाचा धागा मात्र दर फेरीला आखूड होतो. पाच-सात फेऱ्यांनंतर त्यात दम राहत नाही. म्हणून वहीची पाठकोरी पानं आधी वापरून संपवायची, मग रद्दी.

पाण्याच्या बाटलीचं काय होतं ते ऐकून मी जरा गप्प झालो. ती धुऊन, चुरून, वितळवून तिचा धागा काढतात. पॉलिएस्टरचा. म्हणजे मी ज्या कापसावर जगलो त्याचा प्रतिस्पर्धी माझ्याच पोत्यातून जातो. असो. नाल्यात तुंबण्यापेक्षा अंगावर गेलेली बरी.

पितळेची पुढची वाट तर आमच्या भागातच आहे. जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यातले ओझा कारागीर मोडीचं पितळ वितळवून, मेण काढून टाकलेल्या मातीच्या साच्यात ओततात आणि डोकऱ्याच्या मूर्ती, घुंगरं, दिवे घडवतात. ‘आदिलाबाद डोकरा’ला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. कुणाच्या घरचा फुटका तांब्या गोंडांच्या देवघरात दिवा होऊन बसतो.

आम्ही घरात इतकंच करतो: दाराआड एक पोतं लटकवलं आहे. दुधाची पन्नी कापताना कोपरा पुरता तोडत नाही, लोंबता ठेवतो, कारण तो बोटभर तुकडा कुणीच वेचत नाही. पन्नी भांडी घासल्यावरच्या शेवटच्या पाण्यात खळबळायची, दोरीवर चिमट्यानं लावायची, सुकली की पोत्यात. डबे-बाटल्याही तशाच. नवं पाणी लागत नाही. महिन्यानं भंगारवाला येतो. पैसे फार मिळत नाहीत, नातीची पेन्सिल-वही निघते. पण त्याचा पोटापाण्याचा धंदा आपल्या कोरड्या मालावर चालतो, हे ध्यानात ठेवायचं.

पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायांनी १९९३ साली आपली पंचायत उभी केली. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था झाली, आणि २००८ पासून ती महापालिकेशी करार करून घरोघरी कचरा घ्यायला जाऊ लागली. कालपर्यंत जिला लोक हटकायचे तिच्या हातात ओळखपत्र आलं. दूर जपानात कामिकात्सु नावाचं डोंगरातलं गाव आहे. २००३ साली त्यांनी शून्य कचऱ्याचा संकल्प सोडला आणि पुढे तिथली माणसं कचरा ४५ प्रकारांत वेगळा करू लागली. आमच्या भंगारवाल्याला हे सांगितलं तर म्हणाला, “पैंतालीस? अच्छे धंदेवाले लोग हैं.”

बारदाना कोणाचा?

पण माझ्या पोत्यातला एक भाग तो दरवेळी परत देतो. वेफरच्या पिशव्या, बिस्किटांचे कागद, शाम्पूच्या पुड्या. त्यात प्लास्टिकच्या पातळ थरांत चंदेरी धातूचा थर चिकटवलेला असतो. वेगळा करता येत नाही म्हणून वितळवता येत नाही, म्हणून भाव नाही. माझ्या भाषेत सांगायचं तर ही रुई आणि सरकी मुद्दाम एकमेकींना चिकटवून बाजारात आणलेली आहे. हिचं जिनिंग होत नाही.

बाजारात माल तोलताना आम्ही बारदाना वजा करायचो. पोत्याचं वजन वेगळं, मालाचं वेगळं, आणि पोतं ज्याचं त्याला परत. तेलाचा डबा दुकानदाराकडे परत जायचा, सोड्याची बाटली परत जायची, किराणा कागदाच्या पुड्यात यायचा आणि पुड्याचा दोरासुद्धा घरात गुंडीला गुंडाळून ठेवायचे. आता बारदाना परत जात नाही. तो गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडतो, आणि पाच रुपयांच्या वस्तूला तो एक घडी कामाला येतो.

सरकारनं यावर नियम केले आहेत. १ जुलै २०२२ पासून थर्माकोल-प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ अशा एकदाच वापरायच्या कित्येक वस्तूंवर देशभर बंदी आहे. त्याच वर्षाच्या शेवटापासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवीही चालत नाही. वेष्टण बाजारात आणणाऱ्या कंपन्यांनी ते परत गोळा करून मार्गी लावण्याची जबाबदारी घ्यावी, असे नियमही २०२२ सालीच आले. बारदाना ज्याचा त्यानं न्यावा, हीच बाजाराची जुनी रीत आता कायद्यात लिहिली गेली. नियम आपल्या गल्लीपर्यंत चालत येईस्तोवर आपण काय करायचं? लहान पुड्यांऐवजी मोठी बाटली. कापडी पिशवी दाराच्या खुंटीला, चपलांच्या वर, म्हणजे विसरत नाही. डाळ-तांदूळ सुटा, घरच्या डब्यात. दुकानदार पहिल्या दिवशी बघत राहतो, तिसऱ्या दिवशी स्वतःच डब्याचं वजन वजा करतो. काट्यावरच्या माणसाला ते पाहून बरं वाटतं.

मागे शेजारी तेरवी होती. तीनशे पान. घरच्या पोरानं बाजारातून चकचकीत ताटल्या आणायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, पळस काय मेला आहे का आपल्या जंगलातला? पळसाच्या पानांच्या पत्रावळी आल्या, द्रोण आले. पंगत उठल्यावर उष्टं वेगळं काढलं आणि पत्रावळी शेताच्या खड्ड्यात गेल्या. पावसाळा संपेस्तोवर तिथं काही शिल्लक नव्हतं. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत पुष्य अमावास्येला मेस्राम मंडळी स्वयंपाकाला मातीची मडकी वापरतात. सिरिकोंड्याचे कुंभार ती पिढ्यान्‌पिढ्या घडवून देतात. वापरलेलं मडकं फुटलं तर मातीची माती. एवढी मोठी जत्रा, आणि तिच्या चुलीवरच्या भांड्याचा कचरा नाही.

जे वेगळंच ठेवायचं

तिसरा भाग वजनानं सगळ्यांत हलका आणि सगळ्यांत वाईट. सॅनिटरी पॅड, डायपर, फुटलेला बल्ब, बॅटरीचे सेल, उरलेली औषधं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी यातल्या बल्ब, सेल, औषधांसारख्या घातक कचऱ्याला तिसरा डबा सांगितला होता. पॅड कागदात गुंडाळून वर खूण करून द्यायचं, म्हणजे उचलणाऱ्या बाईचा हात त्यात जात नाही. काच पुठ्ठ्यात बांधायची. सेल आणि जुने फोन बरणीत साठवून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायचे.

आमच्या कापसाच्या पट्ट्यात यात आणखी एक वस्तू आहे: फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा. मजबूत असतो, झाकण घट्ट असतं, म्हणून कुणी त्यात रॉकेल भरतो, कुणी शेतावर पाणी नेतो. २०१७ साली पलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक माणसं दगावली. ज्या औषधाची वाफ माणूस मारते त्याच्या डब्यातलं पाणी लेकराला पाजायचं नसतं. डबा रिकामा झाला की फवारणीच्या वेळीच तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतायचं, मग डब्याला भोक पाडायचं. तो डबा पुन्हा कामाला न येणं, इथं तेच चांगलं.

आणि जाळायचं नाही. आमचा जिल्हा तेलंगणात थंडीला पहिला. पौषात गल्लीगल्लीत शेकोट्या पेटतात. पऱ्हाटी जाळा, काटक्या जाळा. पण पोरं तिच्यात पन्नी आणि टायर टाकतात तेव्हा तो धूर लेकरांच्या छातीत जातो. प्लास्टिक जळून नाहीसं होत नाही, फक्त डोळ्यांआड होतं आणि श्वासात येतं.

परवाची सकाळ. ऑटो आली, गाणं लागलं. नात दोन हातांत दोन पिशव्या घेऊन निघाली. ओलं बादलीत मुरत होतं, सुकं पोत्यात सुकत होतं. एका पिशवीत दोन दिवसांचे चकचकीत कागद, दुसरीत कागदात गुंडाळलेलं, खूण केलेलं एवढंसं. मी सवयीनं काट्याला लावलं. दीडशे ग्रॅमही भरलं नाही.

ऑटोवरच्या बाईनं पिशव्या घेतल्या, हातात झेलून पाहिल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “ताता, इंतेना?”

छत्तीस वर्षांत हा शब्द पहिल्यांदा गोड लागला. “इंते, अम्मा,” मी म्हटलं. “माप बरोबर आहे.”